सुनकोशीसाठी कयाक कोणती घ्यावी? आठ-दहा दिवस, राफ्टशिवाय

पाणवठा | १२ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

आम्ही पुण्याची काही मंडळी कोलाडला कुंडलिकेवर नेमाने कयाकिंग करतो. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटलं की उतरायचं आणि दुपारी घरी. ऋषिकेशला शिवपुरीच्या खालचा टप्पाही करून झालाय. रोल (उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं) पक्का आहे, तिसऱ्या ग्रेडमध्ये (पाण्याच्या अवघडपणाची श्रेणी) आत्मविश्वास आहे, चौथ्यात मन लावून पाणी वाचत वाचत जातो.

यंदा दिवाळीनंतर नेपाळमध्ये सुनकोशी करायचं ठरतंय. दोलालघाट ते चतरा, साधारण २७० किमी, आठ ते दहा दिवस. पाचजण आहोत, त्यात एक जाणकार नेपाळी कयाकर. सामान वाहणारी राफ्ट (मोठी रबरी बोट) सोबत नाही. तंबू, शिधा, भांडी, सगळं आपापल्या बोटीत.

आजवर भाड्याच्या बोटी वापरल्या, आता स्वतःची घ्यायची आहे. एक हाफ-स्लाइस (चपट्या शेपटाची, लाटांवर खेळायची कयाक) चांगल्या अवस्थेत मिळतेय, किंमतही परवडणारी. दुसरा पर्याय म्हणजे थोडं थांबून क्रीक बोट (अवघड पाण्यासाठीची फुगीर कयाक). माझं वजन ८४ किलो, उंची ५ फूट ११ इंच. गटातली एक मैत्रीण ५४ किलोची आहे, तिलाही बोट हवी आहे.

ज्यांनी सामान भरून अशा सफरी केल्यात त्यांनी जरा सविस्तर लिहा.

---

कुंडलिका_काठ | १२ ऑगस्ट, रात्री १०:१५

वाचतोय. आमच्याकडे एका दिवसापुढची माहिती कुणालाच नसते, त्यामुळे हा धागा हवाच होता.

---

वऱ्हाडी_डेन्व्हर | १३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

हाफ-स्लाइसला लगेच नाही म्हणू नका. इकडे अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये लीज फेरी ते डायमंड क्रीक ३६४ किमीचा प्रवास असतो, आणि त्यात हाफ-स्लाइस घेऊन आलेले लोक भरपूर दिसतात. लाटांवर खेळायला मजा येते, मागचं शेपूट पाण्यात खुपसून बोट उभी करता येते, आणि पंधरा-अठरा दिवस कंटाळा येत नाही.

फक्त तिथे आमचं सामान राफ्टवर असतं. खाट, खुर्ची, बर्फाची पेटी, सगळं. कयाकमध्ये पाण्याची बाटली, जॅकेट आणि थ्रो बॅग (पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या दोराची पिशवी). तुमचं गणित त्यामुळे वेगळं आहे.

---

तपोवनकर | १३ ऑगस्ट, रात्री ११:३०

पाणवठा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर वऱ्हाडीभाऊंच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. शिधा कुणाच्या बोटीत, यावर कयाक ठरते. नदीचा ग्रेड त्यानंतर. राफ्ट सोबत असेल तर आवडेल ती बोट घे. राफ्ट नसेल तर हाफ-स्लाइस विसर.

कारण सांगतो. हाफ-स्लाइसचा पुढचा भाग फुगीर आणि मागचा भाग चपटा असतो. ते चपटं शेपूट पाण्याखाली जावं म्हणूनच तसं केलेलं असतं. तुझं सामान जाणार कुठे? सीटच्या मागे, म्हणजे त्याच शेपटात. एक तर तिथे स्लीपिंग बॅगसुद्धा धड मावणार नाही, आणि जे मावेल त्याच्या वजनाने शेपूट कायमचं बुडालेलं राहील. एडीतून (खडकामागच्या उलट वाहणाऱ्या, शांत पाण्यातून) बाहेर पडताना वरचा प्रवाह त्या शेपटावर चढला की बोट मागे उलटते. कुंडलिकेवर ती गंमत असते. सुनकोशीला दूधकोशी नदी मिळाल्यानंतर पाणी एकदम वाढतं, तिथे रोज संध्याकाळी थकलेल्या अंगाने हे सोसायचं म्हणजे कठीण.

आता वजनाचा हिशेब मांड. तू ८४. अंगावरचं लाइफ जॅकेट, हेल्मेट, स्कर्ट (कॉकपिट म्हणजे बसायची जागा झाकणारं कापड), बूट, ओले कपडे धरून ५-६ किलो. सुका शिधा माणशी दिवसाला ६००-७०० ग्रॅम, म्हणजे नऊ दिवसांचा ६ किलोच्या आसपास. झोपायचं सामान, कोरडे कपडे, तंबूचा किंवा ताडपत्रीचा वाटा, स्टोव्ह-इंधनाचा वाटा, प्रथमोपचार, दोर-कॅराबिनर, घडीचं पॅडल, प्यायचं पाणी. कितीही काटकसर केलीस तरी १८ किलोच्या खाली येणं अवघड. एकूण झाले १०८.

प्रत्येक कंपनी बोटीसाठी वजनाचा पल्ला देते, उदाहरणार्थ ७० ते ११० किलो. लोक आपलं ८४ त्यात बसवतात आणि ‘मध्यावर आहे, छान’ म्हणतात. तू १०८ बसवून बघ. पहिल्या दिवशी तू पल्ल्याच्या टोकावर आहेस. म्हणून तुला त्याच मॉडेलचा मोठा आकार लागेल. भरलेलं वजन पल्ल्याच्या वरच्या तिसऱ्या भागात शिरत असेल तर मी तरी एक आकार वर जातो.

प्रकार कोणता? क्रीक बोट, किंवा भरपूर घनफळ असलेली रिव्हर-रनर. नऊ फुटांच्या आसपास लांबी, नाकाला चांगला उचलाव, गोलसर कडा. पिऱ्हाना स्कॉर्च, जॅक्सन नार्वाना, डॅगर कोड या त्या जातीच्या. जुन्यांत लिक्विडलॉजिक रीमिक्स किंवा डॅगर मांबा मिळाली तर तीही चांगलीच. माझा जीव मोठ्या रीमिक्सवर आहे. ती बूफला (कडेवरून नाक उचलून मारायच्या उडीला) फार उत्सुक नसते, पण भरल्यावरही सरळ जाते आणि होलमध्ये (खडकाखाली उलटं फिरणाऱ्या पाण्यात) अडकत नाही.

---

आडवाटे | १४ ऑगस्ट, दुपारी १:२०

तपोवनकरांशी बऱ्याच अंशी सहमत, पण क्रॉसओव्हरचा (खळाळ आणि संथ पाणी दोन्हींसाठीच्या कयाकचा) उल्लेखच नाही याचं नवल वाटलं. लिक्विडलॉजिक रीमिक्स एक्सपी ९ आणि १०, डॅगर कटाना, पिऱ्हाना फ्यूजन या बोटी अशाच प्रवासासाठी बनल्यात. मागे पाणी न शिरणारं झाकण, आत वेगळा कप्पा, आणि खाली सोडता येणारा स्केग (तळाचा पंख). सपाट पाण्यात स्केग सोडला की बोट रेघेत जाते. चतऱ्याजवळ डोंगर संपून नदी पसरते, तिथे समोरून वारा असतो. आखूड क्रीक बोट प्रत्येक वल्ह्याला डावी-उजवीकडे नाक हलवत राहते आणि खांदे भरून येतात.

शिवाय झाकण उघडून सामान काढणं किती सोपं! क्रीक बोटीत रोज संध्याकाळी कॉकपिटमधून कंबरेपर्यंत आत शिरून पिशव्या ओढाव्या लागतात.

---

तपोवनकर | १४ ऑगस्ट, रात्री १०:५०

आडवाटे, दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडच्या लांब नदीसाठी क्रॉसओव्हर उत्तमच. काली-शारदेवर पंचेश्वरहून टनकपूरला जायचं तर मीही तीच सुचवेन. सुनकोशीबद्दल माझं मत वेगळं आहे ते दोन कारणांनी.

बहुतेक क्रॉसओव्हरच्या कडा तीक्ष्ण असतात आणि नाकाचा उचलाव कमी. मोठ्या पाण्यात उकळ्या खालून वर येतात तेव्हा ती कड पकडली जाते, आणि भरलेली बोट लवकर सावरत नाही. सुनकोशीवरच्या हाकापूरसारख्या रॅपिडमध्ये (खळाळात) लाट फुटून बाजूने आदळते. तिथे गोल कडेची बोट नुसती हलते, धारदार कडेची आडवी होते.

दुसरं, झाकण. नवं असताना घट्ट असतं. वाळू जाऊन रबर झिजलं की रोज लिटर-दोन लिटर पाणी आत. झाकण असो वा नसो, प्रत्येक वस्तू ड्राय बॅगमध्येच (पाणी न शिरणाऱ्या पिशवीतच) हवी. मग झाकणाचा उपयोग फक्त सोयीपुरता उरतो.

सोयीचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. सपाट पाण्याचंही. हाकापूर सगळ्यांनी काठाने बोट वाहून नेऊनच करायचं असं गटाने आधीच ठरवलं, तर क्रॉसओव्हरची बाजू जड होते. पण एक लक्षात घ्या, २२ किलोची बोट आणि १८ किलोचं सामान खडकांवरून न्यायचं म्हणजे दोन फेऱ्या.

---

आडवाटे | १५ ऑगस्ट, सकाळी ९:१०

उकळ्यांचा मुद्दा मान्य. मी क्रॉसओव्हर वापरली ती दक्षिणेतल्या मध्यम पाण्याच्या नद्यांवर. हिमालयातल्या मोठ्या पाण्याला ते जसंच्या तसं लागू होणार नाही. सपाट पाण्याबद्दल मात्र ठाम आहे, तेव्हा आखूड बोट घेऊ नका. नऊ फूट तरी हवेतच.

---

गोदाकाठची | १५ ऑगस्ट, दुपारी ४:००

पाणवठा यांच्या ५४ किलोच्या मैत्रिणीसाठी लिहिते, कारण माझंही वजन तेवढंच आहे आणि या बाबतीत बायकांना हमखास चुकीचा सल्ला मिळतो. ‘तू लहानखुरी, तुला स्मॉल.’ एका दिवसासाठी बरोबर आहे. अनेक दिवसांसाठी नाही.

स्टोव्ह, तंबू, दोर, औषधं यांचं वजन माणूस हलका म्हणून कमी होत नाही. ८४ किलोच्या माणसाला १८ किलो सामान म्हणजे त्याच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून थोडं जास्त. ५४ किलोच्या बाईला तेच सामान एक-तृतीयांश होतं. माझी भरलेली बेरीज ७७ पर्यंत जाते, आणि ७७ किलोला बहुतेक मॉडेलांचा मीडियम लागतो.

पण मीडियममध्ये मांड्या आणि कंबर सैल राहिली तर बोट तुमचं ऐकत नाही आणि रोलही होत नाही. म्हणून बोट मोठी घ्या आणि आतून घट्ट करा. कंबरेला जाड फोमचे पॅड, सीटखाली इंचभर फोम, म्हणजे कोपर कॉकपिटच्या कडेला आपटत नाहीत. मांडीचे आधार मागे सरकवायचे. मी योगा मॅटचे तुकडे कापून कॉन्टॅक्ट सिमेंटने चिकटवलेत, अगदी मस्त बसतात.

आणि गटाचं सामान डोक्यागणिक समान वाटू नका, शरीराच्या वजनाच्या प्रमाणात वाटा. हे तोंडाने मागायला संकोच वाटतो, तेव्हा मोठ्यांनी आपणहून करावं. भांडी आणि तंबूचे खांब ८४ किलोवाल्याने घ्यावेत.

---

पाणवठा | १५ ऑगस्ट, रात्री ८:३०

ताई, मनापासून आभार. मैत्रीण शेजारीच बसून वाचतेय. भांडी आणि खांब माझ्याकडे, लेखी कबूल.

हाफ-स्लाइस बाद. आता विचारतो, सामान नेमकं ठेवायचं कसं? आणि भरलेल्या बोटीत रोल होतो का?

---

तपोवनकर | १६ ऑगस्ट, रात्री ११:१५

रोल होतो. सुरुवातीला बोट जड वाटते, पण एकदा फिरायला लागली की स्वतःच्या वजनाने पूर्ण फिरते. घाई केलीस तर फसतो. कंबर वळवून थांबायचं, डोकं शेवटी वर.

सामान भरताना जड वस्तू सीटला चिकटून आणि तळाशी. शिधा, इंधन, पाणी तिथे. स्लीपिंग बॅग आणि कपडे टोकाकडे. क्रीक बोटीच्या मागच्या भागात मधोमध फोमची उभी भिंत असते. ती डेक दबू देत नाही, त्यामुळे जागा व्हावी म्हणून काढून टाकायचा मोह टाळ. तिच्या दोन्ही बाजूंना अरुंद बोळ उरतात. बाजारात मिळणारी ३० लिटरची गोल ड्राय बॅग त्या बोळात शिरत नाही. लांब आणि शेवटी निमुळती होणारी लागते. हवा भरून फ्लोट बॅगसारखी फुगवता येणारी मिळाली तर सर्वांत उत्तम, कारण उरलेल्या जागेत पाणी शिरत नाही. पाण्याने भरलेली बोट म्हणजे शेकडो किलोचं धूड. ते मधल्या धारेतून काठाला आणता आणता मित्रांचे हात गळून जातात.

दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेव. एका बाजूला किलोभर जास्त झालं तरी दिवसभर बोट कलत राहते. सगळं मागे ठेवून चालत नाही, थोडं पुढे पायांच्या आधाराच्या पलीकडेही घाल, पण हलकंच, आणि बाहेर पडताना पाय अडकणार नाही असं घट्ट. एवढं करूनही शेपूट बसत असेल तर सीट एक-दोन खाचा पुढे घे.

हे तपासायचं कसं ते सांगतो. बोटीच्या बाजूने साच्याच्या दोन अर्ध्यांची रेघ गेलेली असते. बोट भरून शांत पाण्यात बस आणि मित्राला काठावरून बाजूने फोटो काढायला सांग. रिकाम्या बोटीत बसून तसाच फोटो काढ. दोन्ही फोटोंत ती रेघ पाण्याशी कशी जाते ते बघ. भरलेली बोट दोन-तीन सेंटीमीटर खाली बसेल, ते ठीक. पण रेघ समांतर खाली जायला हवी. मागे जास्त कलली असेल तर सामान पुढे आण.

सरावासाठी शिधा कशाला हवा? पाण्याच्या लिटरच्या १८ बाटल्या ड्राय बॅगांत भर, नेमके १८ किलो. कुंडलिकेवर तसंच उतर. ओळखीच्या रॅपिडमध्ये बोट किती उशिरा वळते ते पहिल्याच एडीत कळेल. वळणाचा निर्णय आधी घ्यावा लागतो, हीच भरलेल्या बोटीची सवय. बूफही आखूड होतो. होलमध्ये मात्र ती वेगाने आरपार जाते, तो फायदा आहे.

---

वऱ्हाडी_डेन्व्हर | १७ ऑगस्ट, सकाळी ६:४५

एक वस्तू सगळे विसरतात. कॅन्यनमध्ये मानवी विष्ठा बाहेर आणण्याचा नियम आहे, राफ्ट असो वा नुसती कयाक. नुसत्या कयाकवाल्यांना त्यासाठी झाकण फिरवून घट्ट होणारा डबा किंवा पीव्हीसीचा पाइप बोटीत ठेवावा लागतो. सुनकोशीवर असा नियम नसला तरी ज्या वाळूवर तुम्ही झोपता तिथे पुढच्या आठवड्यात दुसरे झोपणार, आणि खालच्या गावातली मुलं त्याच पाण्यात पोहतात. डबा जमत नसेल तर निदान कागद तरी परत आणा. जागेच्या हिशेबात हेही धरा.

आणि कॅन्यनचं पाणी धरणाच्या खोल भागातून येतं, थंड असतं. नोव्हेंबरची सुनकोशी त्यामानाने उबदार. तुम्हाला ड्रायसूटची (अंग कोरडं ठेवणाऱ्या पोशाखाची) गरज नाही, तेवढी जागा वाचली.

---

कुंडलिका_काठ | १७ ऑगस्ट, दुपारी १२:३०

लडाखच्या झांस्कर नदीलाही हेच लागू का? पदुम ते निम्मू पुढच्या वर्षी करायचा विचार आहे.

---

तपोवनकर | १७ ऑगस्ट, रात्री १०:००

झांस्कर जुलै-ऑगस्टमध्ये, हिमनद्यांचं पाणी, साडेतीन हजार मीटरच्या आसपास उंची. ड्रायसूट आणि जाड स्लीपिंग बॅग आली, म्हणजे बोट आणखी भरली. घळीत दोन्ही बाजूंना सरळ कडे, मध्येच सोडून बाहेर पडणं अवघड. बोट तीच चालेल, शिस्त जास्त लागेल. आणि परदेशी मित्रांकडून सॅटेलाइट कम्युनिकेटर मागवू नका. परवानगीशिवाय असली उपकरणं बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे, लोक विमानतळावर अडकलेत.

---

गोदाकाठची | १८ ऑगस्ट, सकाळी ११:२०

जुनी बोट घेणार असाल तर उन्हात ठेवलेली घेऊ नका. आपल्याकडे बोटी गच्चीवर पडून असतात आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. रंग फिका पडलाय का ते सीटखालच्या, ऊन न लागलेल्या भागाशी ताडून बघा. उलटी करून सीटच्या खाली तळ दाबा. कायमचा खोलगट झाला असेल तर सोडून द्या. ड्रेन प्लगभोवती आणि हँडलच्या बोल्टपाशी केसासारख्या चिरा असतात, तिथे नख फिरवून बघायचं.

साधं लिनियर प्लास्टिक वेल्डिंगने जोडता येतं, क्रॉस-लिंक नाही. मला एका विक्रेत्याने क्रॉस-लिंकची चिरलेली बोट ‘सहज वेल्ड होते’ म्हणून विकायचा प्रयत्न केला होता. खात्री नसेल तर कंपनी आणि मॉडेल शोधून आधी प्लास्टिक कोणतं ते पाहा.

---

आडवाटे | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

बोट पुण्याहून काठमांडूला नेणार कशी? नऊ फुटांची वस्तू विमानात कुणी सहजी घेत नाही. काठमांडू आणि पोखऱ्यात भाड्याने मिळतात. मला वाटतं पहिली सफर भाड्याच्या बोटीवर करा आणि त्यानंतर काय आवडलं ते विकत घ्या. पॅडल, स्कर्ट आणि ड्राय बॅगा मात्र स्वतःच्या न्या. स्कर्टचा आकार बोटीच्या कॉकपिटशी जुळतो का ते आधी फोटो मागवून विचारा.

---

तपोवनकर | १८ ऑगस्ट, रात्री ११:४०

याला माझं पूर्ण अनुमोदन. भाड्याच्या बोटी जुन्या असतात, पण मोठ्या आकाराच्या क्रीक बोटी त्यांच्याकडे असतात. आणि थेट सुनकोशीवर जाण्याऐवजी आधी दोन दिवस नेपाळमधलीच सेती नदी करा, दमौली ते गाईघाट. उबदार पाणी, दुसरा-तिसरा ग्रेड, वाळूवर एक मुक्काम. पूर्ण सामान भरून. ज्या बोटीत सेतीला कंबर दुखली ती सुनकोशीवर न्यायची नाही, बदलून घ्यायची. फोम आणि गोंद सोबत ठेवा.

अजून एक. खुर्कोटजवळ सुनकोशीचं पाणी मरिन नदीत वळवण्याच्या प्रकल्पाचं काम आहे. त्या टप्प्यात नदीची आत्ताची अवस्था काय, बोट उचलून न्यावी लागते का, हे तुमच्या नेपाळी साथीदाराला निघायच्या आठवड्यात विचारा. जुन्या नकाशावर विसंबू नका.

---

पाणवठा | १९ ऑगस्ट, रात्री ९:००

मंडळी, ठरलं ते लिहितो. सेती आणि सुनकोशी दोन्ही भाड्याच्या बोटींवर. मी लार्ज, मैत्रीण मीडियम आणि योगा मॅट. या रविवारी कुंडलिकेवर बाटल्या भरून उतरतोय, रेघेचे फोटो इथे टाकेन.

शेवटचा प्रश्न. पाचजणांत स्टोव्ह एकच नेतोय. तो आणि प्रथमोपचाराची पेटी सर्वांत पट्टीच्या कयाकरकडे द्यायची ना?

---

तपोवनकर | १९ ऑगस्ट, रात्री १०:२०

दोन्ही एकाच बोटीत नकोत. बोट सुटून वाहून गेली तर चूल आणि औषधं एकदम जातात. स्टोव्ह एकाकडे, इंधन दुसऱ्याकडे, शिवाय भिजवून खाता येईल असे पोहे आणि सातू प्रत्येकाच्या बोटीत दोन दिवसांचे. औषधांची मुख्य पेटी सर्वांत मागून येणाऱ्याकडे द्या, कारण अपघात पुढे होतो आणि तो प्रवाहाबरोबर तिथे पोचतो. पुढच्याला प्रवाहाविरुद्ध परत येता येत नाही. घडीची पॅडलं दोन घ्या, वेगवेगळ्या बोटींत. शिट्टी, चाकू, लायटर आणि ओळखपत्र लाइफ जॅकेटच्या खिशात, बोटीत नाही.

फोटो टाकताना बाटल्या कुठे किती भरल्या तेही लिही, म्हणजे काय सरकवायचं ते सांगता येईल.